गव्हाणे सरांची पाण्याची रेघ

गव्हाणे सरांची आणि माझी पहिली भेट एका हॉटेलच्या बाथरूममध्ये झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशा वाक्याने करू नये, असे संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सुचवले. मी सरांना विचारले. सर म्हणाले, "झाली ना तिथंच? मग तिथंच लिही." तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

ज्यांना सर ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी थोडी ओळख. श्री. दत्तात्रय गव्हाणे हे मूळचे पिशोरचे. शेतकरी घरातले. आमच्या छत्रपती संभाजीनगरात त्यांनी तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवली आणि निवृत्तीनंतर इमारतींच्या विद्युत सुरक्षेचे सल्लागार म्हणून काम केले. त्यातही त्यांचा खास विषय म्हणजे न्हाणीघर. पाणी, ओले अंग आणि वीज ही तिन्ही जिथे एकत्र येतात, त्या चार भिंतींवर त्यांनी आपले बहुतेक आयुष्य खर्च केले. यंदा त्यांनी वयाची पंचाहत्तरी गाठली, म्हणून आपण सारे जमलो आहोत.

या समारंभाला सरांनी आधी साफ नकार दिला होता. समितीने तो विनय समजला आणि तसे पत्रिकेच्या मसुद्यात घालूनही टाकले. तो विनय नव्हता. नकाराचे कारण होते सरांची दाढी आणि त्या दाढीसाठी लागणारे एक सॉकेट. हे प्रकरण मी सरांच्या परवानगीने लिहीत आहे. त्यांची अट एवढीच होती की, जे आहे ते लिहावे आणि कीव करू नये. सरांची कीव करायला लागणारे धाडस माझ्यात पूर्वीही नव्हते.

तर ते बाथरूम. मी नुकताच डिप्लोमा संपवून एका ठेकेदाराकडे साइट इंजिनियर म्हणून लागले होते. फुलंब्रीहून रोज एसटीने यायचे. जालना रोडला एक हॉटेल उभे राहत होते. वेरूळ-अजिंठ्याला येणारे परदेशी पाहुणे उतरतील या हिशेबाने मालकांनी प्रत्येक बाथरूममध्ये आरशाशेजारी दाढीच्या मशीनचे खास सॉकेट बसवून घेतले होते. वायरिंग तपासायला तंत्रनिकेतनातले कुणी गव्हाणे सर येणार म्हणून सकाळपासून धावपळ होती. सर आले ते पांढऱ्या शर्टात आणि गुळगुळीत दाढी केलेले. कामाला लागताना त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अनवाणी आत शिरले. मला वाटले, पाय धुवायचे असतील.

"इथं धुणंपुसणं कोण करणार हाय?" त्यांनी विचारले. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत, पण साइटवर आणि घरी त्यांची भाषा पिशोरचीच राहिली. मॅनेजरांनी हर्सूलच्या एका मावशींना पुढे केले. सर म्हणाले, "मावशी, घरची न्हानी कशी धुता, तशी ही धुवा. आम्ही इथं नाय असं समजा."

मावशींनी एकदा मॅनेजरांकडे पाहिले, एकदा नव्या टाइल्सकडे. "समदं वलं व्हईल, साहेब."

"व्हऊ द्या की. त्याच्यासाठीच आलो."

मावशींनी पदर खोचला. आधी बादली फरशीवर ओतली, खराटा फिरवला आणि मग मगाने भिंतीवर पाणी मारायला सुरुवात केली. आपल्याकडे न्हाणीघर असेच धुतात. साबणाचे शिंतोडे भिंतीवर असतात, म्हणून पाणी भिंतीवर मारायचे. आरसा न्हाऊन निघाला. आरशाशेजारच्या सॉकेटमधून पाण्याची धार लागली. मेन स्विच बंद होता, हे सांगायला हवे. सर दारात उभे राहून शांतपणे पाहत होते. धुऊन झाल्यावर त्यांनी खिशातल्या रुमालाने भिंतीचा एक पट्टा कोरडा केला आणि सर्वांत वरचा थेंब जिथे पोचला होता तिथे लाल इन्सुलेशन टेपची एक आडवी पट्टी चिकटवली. हीच ती पाण्याची रेघ. सॉकेट रेघेच्या चांगले हातभर खाली होते.

मॅनेजर गडबडले. "साहब, ये तो शेव्हर का ही है. सेफ रहता. फॉरेन में बाथरूम में यहीच लगाते."

"फॉरेनमध्ये मावशी अशी धुती का?" सरांनी विचारले.

मग त्यांनी ते सॉकेट उघडायला लावले, तळहातावर धरले आणि माझ्या हातात दिले. "वजन बघ." ते रिकाम्या साबणदाणीइतके हलके होते. बाहेरच्या पट्टीवर दाढीच्या मशीनचे चित्र होते, पण मागे काहीच नव्हते. खऱ्या शेव्हर सॉकेटच्या मागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे ते हाताला जड लागते. हा ट्रान्सफॉर्मर आतल्या विजेचा जमिनीशी असलेला संबंध तोडतो. एरवी आपण ओल्या पायांनी उभे राहून एका तारेला हात लावला की वीज आपल्यातून जमिनीत जायची वाट काढते. इथे ती वाटच बंद केलेली असते, म्हणून एका तारेला चुकून हात लागला तरी झटका बसत नाही. सरांनी हे मला त्या ओल्या फरशीवर उभे राहून समजावले. इतके सोपे मला डिप्लोमाच्या वर्षांत कुणी सांगितले नव्हते. शेवटी ते म्हणाले, "अन् तरी ते पाण्यात ठेवायचं नाय. दोन्ही तारा एकदम धरल्या तर ट्रान्सफॉर्मर कोणाला ओळख दाखवत नाय. आपल्याकडं त्यात मशीन थोडंच लावतेत? एखादा पाणी तापवायचा रॉड लावायला बघल."

हॉटेलची सगळी सॉकेटे बाथरूममधून निघाली आणि खोलीत, कोरड्या भिंतीवर, आरशासकट गेली. उद्घाटन पुढे ढकलावे लागले. मालक बरेच दिवस सरांवर नाराज होते, असे ऐकले.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. खरे तर मला पहिली भेट आठवते ती तिच्यामुळे. काम सुरू करण्याआधी सरांनी मॅनेजरांना विचारले होते, "या मुलीला जायला जागा कुठं हाय?" साइटवर मी एकटीच मुलगी होते. जागा कुठेच नव्हती. मी सकाळपासून पाणी न पिता राहत असे आणि संध्याकाळी घरी जाऊन पीत असे. याविषयी मी कुणाशी बोलले नव्हते, बोलणारही नव्हते. मॅनेजर म्हणाले, बघू. सर म्हणाले, "बघू नका. तळमजल्यावरची एक न्हानी तयार हाय. तिला कडी हाय. किल्ली हिच्याकडं द्या, मग मी काम सुरू करतो." किल्ली येईपर्यंत ते खुर्चीवर बसून राहिले. त्या किल्लीबद्दल आमच्यात पुन्हा कधी बोलणे झाले नाही. मी पुढे सरांकडेच कामाला लागले ती तिच्यामुळे. लोकांना वाटते, मला विषयाची गोडी होती. गोडी नंतर लागली.

पाण्याच्या रेघेची पद्धत पुढे सरांच्या नावावरच जमा झाली. नियमांच्या पुस्तकांत सॉकेट नळापासून आणि टबापासून किती दूर असावे याची मापे आहेत. सरांना ती पाठ होती आणि विद्यार्थ्यांकडून ते ती घोकूनही घेत. पण ती मापे टबात अंघोळ करणाऱ्या घरांसाठी बेतलेली आहेत, असे ते म्हणत. आपण बादलीने अंघोळ करतो, दगडावर कपडे आपटतो, लहान पोरे नळाला बोट लावून फवारा उडवतात. म्हणून माप कमीत कमी पाळायचेच, आणि त्यावर त्या घरची रेघ काढायची. प्रत्येक घरी जो रोज न्हाणीघर धुतो त्यालाच धुवायला लावायचे, आणि रेघेच्या खाली विजेचे काहीही ठेवायचे नाही. ठेकेदारांत त्यांचे नाव 'बादलीवाले सर' पडले होते. सरांना ते ठाऊक होते. एकदा एका ठेकेदाराने त्यांच्यासमोर ते चुकून उच्चारले आणि जीभ चावली. सर म्हणाले, "बादली तुमची. मी फक्त बघतो."

सिडकोतल्या एका डॉक्टरांनी बंगला बांधला तेव्हा मोठा वाद झाला. डॉक्टरांना बाथरूममध्येच सॉकेट हवे होते. धुणाऱ्या बाईंच्या मगाचे पाणी तिथवर जात होते. डॉक्टर म्हणाले, आम्ही तिला ताकीद देऊ, भिंतीवर पाटी लावू. सरांनी चष्मा काढून पुसला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही पेशंटला सांगता का, आजारी पडू नका म्हणून? माणसं धुतात तशीच धुणार. वायरिंगनं त्यांच्याशी जमवून घ्यायचं. माणसाला अट घालणारी वायरिंग मी पास करत नाय." सॉकेट बाहेर गेले. पुढे डॉक्टर सरांचे चांगले स्नेही झाले आणि आज समितीत आहेत. त्यांनीच मला हा प्रसंग लिहायला सांगितला, फक्त पाटीचा भाग वगळायला सांगितले होते.

सरांच्या आग्रहाचा आमच्या घरालाही प्रसाद मिळाला. फुलंब्रीला वडिलांनी नवीन घर बांधले. वास्तुशांतीला सर पत्नीला घेऊन आले, दारात चपला काढल्या आणि थेट मागच्या बाजूला निघाले. माझी आई त्यांच्यामागे धावली. "अहो सर, तिकडं न्हानी हाय. देव इकडं हायेत."

"देव त्यांचं बघून घेतील, वहिनी. मी न्हानी बघतो."

आत गीझरचा स्विच हाताला येईल असा, नळाच्या बाजूलाच होता. वडिलांनी तो मी साइटवर असताना घाईत लावून घेतला होता. सरांनी जेवायच्या आधी तो बाहेर काढायला लावला. पंगत ताटकळली, भजी गार झाली, आईने तोंड फुगवले. काही वर्षांनी भाचरांनी त्याच भिंतीवर पाण्याचे फुगे फोडले, तेव्हा आईने मला फोन करून सरांचा पत्ता विचारला. तिला त्यांच्याकडे कुरडया पाठवायच्या होत्या.

आता दाढीविषयी. या विषयावर माझा अधिकार मर्यादित आहे, पण सरांची दाढी हा आम्हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. दाढी न केलेले सर कुणी पाहिले नाहीत. तपासणीला जाणाऱ्या माणसाने स्वच्छ जावे, असे ते म्हणत. "आपण दुसऱ्याच्या घरातली चूक काढायला चाललो. आपला चेहरा तरी नीट पायजे." बाहेरगावच्या साइटवर आम्ही लॉजवर उतरत असू, तेव्हा सकाळी सर व्हरांड्यात खिळ्याला आरसा टांगत, स्टीलच्या वाटीत पाणी घेत आणि आमच्यासमोर बसून दाढी करत. अर्ध्या गालाला फेस असताना ते आम्हाला दिवसाचे काम वाटून देत. दाढी ही उजेडात, बाहेर करायची गोष्ट आहे, तिचे न्हाणीत काय काम, हे त्यांचे ठाम मत होते. पिशोरला त्यांचे वडील अंगणात बाजेवर बसून करत. न्हाणीत सॉकेट मागणाऱ्या प्रत्येक घरमालकाला सरांनी हे अंगण ऐकवले आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी सरांच्या हातांना कंप सुरू झाला. औषधे सुरू आहेत. चालणे, बोलणे, विचार सगळे ठीक आहे, हात मात्र ऐकत नाहीत. आधी त्यांनी साइटवर टेप लावायचे काम माझ्याकडे दिले. मग माझी सकाळी त्यांच्या घरी जायची वेळ बदलून दुपारची केली. मग म्हणाले, फोनवरच विचारत जा. ब्लेडने दोनदा चांगलेच कापले होते, हे मला काकूंनी सांगितले. अनुसयाकाकू म्हणजे सरांच्या पत्नी, आम्हा सर्वांच्या काकू. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला त्यांनी घरी बोलावले, तर सरांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. काकू म्हणाल्या, मी करून देते. सर त्यावर दिवसभर बोलले नाहीत. दाढी वाढू लागली तसे ते घराबाहेर पडेनासे झाले. समारंभाचा नकार आला तो याच दिवसांत.

पुण्याच्या मुलाने बॅटरीवरचे मशीन पाठवले. ते रोज चार्जिंगला लावायचे राहून जाई, म्हणून ते काम काकूंकडे आले, आणि मग आज दाढी करायची की नाही हे जणू काकूंना विचारल्यासारखे व्हायला लागले. एकदा ते अर्ध्यात बंद पडले आणि नेमका त्याच वेळी दूधवाला आला. सरांनी ते मशीन कपाटात ठेवून दिले. मुलाने वायरचे मशीन पाठवले, आणि मला सरांचा फोन आला.

"शिरसाठ, माझ्या न्हानीत एक सॉकेट बसवून दे. शेव्हरचं. ट्रान्सफॉर्मरवालं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं, सर. न्हाणीत?"

"न्हानीतच. अन् चांगलं आण."

मी चांगले आणले. हर्सूलला सरांच्या घरी गेले तेव्हा सर पाठमोरे बसले होते. वळले तेव्हा गालांवर पांढरे खुंट होते. इतक्या वर्षांत मी तसा चेहरा पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटले, आणि ते दिसू नये म्हणून मी पिशवी उघडण्यात बराच वेळ घालवला. सरांनी सॉकेट तळहातावर घेतले. तळहात हलत होता, त्यावरचे सॉकेटही हलत होते. आम्ही दोघांनी ते पाहिले.

"वजन हाय," सर म्हणाले. मग आत बघून, "अनुसया, न्हानी धू."

"सकाळीच धुतली की."

"रोज धुतीस तशी परत धू. शिरसाठ बघायली."

काकूंना या घरात इतकी वर्षे काढून एवढे कळत होते की विचारून उपयोग नाही. त्यांनी पदर खोचला. काकूंच्या धुण्याविषयी एवढेच सांगते की, त्यांच्यापुढे जालना रोडच्या मावशी काहीच नव्हत्या. पाणी आरशाच्या वर गेले, खिडकीच्या चौकटीला लागले, एक मगभर पाणी दारातून बाहेर आले. न्हाणी लहान, चारही भिंती हाताच्या अंतरावर. धुऊन झाल्यावर सर स्टूलवरून उठले. टेपची गुंडाळी त्यांनी माझ्याकडे दिली नाही. टेपचे टोक त्यांच्या बोटांना सापडत नव्हते. मी मदत केली नाही, काकूंनीही केली नाही. टोक सापडले. त्यांनी पट्टी जिथे लावायची तिथेच लावली, थोडी तिरपी. सगळी न्हाणी रेघेच्या खाली होती.

"नापास," सर म्हणाले.

मी म्हटले, "सर, काकूंना सांगू. मगाने मारू नका, कपड्याने पुसून घ्या. एवढं एक तर..."

"शिरसाठ."

मी थांबले. सिडकोचे डॉक्टर मला आठवले. सरांनी स्वतःसाठीही अट घातली नव्हती.

"गुंडाळ ते," सर म्हणाले आणि स्टूलवर बसले. म्हणजे दाढी नाही, समारंभ नाही, आणि दार बंद करून घरात बसलेले गव्हाणे सर. मी सॉकेट पिशवीत भरू लागले.

काकू ओल्या साडीनिशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. दाढी बाहेर करा, बाहेर करा म्हणून साऱ्या गावाला सांगत फिरलात. आता तुम्हालाच न्हानी कामून पायजे?"

सरांनी टेपची गुंडाळी मांडीवर ठेवली.

"तिथं दार हाय," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"दार लावता येतं. हात असा हलतो. गालावर न्यावं तर मशीन नाकाकडं जातं, कानाकडं जातं. कितींदा जातं, तवा कुठं एक जागा साफ व्हती. ते कोणी बघायचं नाय. तू बी नाय."

काकूंनी पदर पिळायला घेतला आणि पिळतच राहिल्या. सलूनवाला परत का गेला, सकाळच्या भेटी दुपारवर का गेल्या, समारंभ का नको होता, हे सगळे त्या एका वाक्यात आले. इतके दिवस आम्ही सगळे हातांवर उपाय शोधत होतो. मला हॉटेलच्या तळमजल्यावरची ती कडी आणि ती किल्ली आठवली. जगात कुणाला दाराची गरज कळायला हवी होती तर ती मला.

सरांच्या घरात झोपायची खोली आणि न्हाणी यांच्यामध्ये एक छोटा बोळ आहे. तिथे हात धुवायचे बेसिन आहे, वर आरसा आहे. काकू तिथे बादली ओतत नाहीत, फडक्याने पुसतात, कारण पलीकडे गाद्यांचे कपाट आहे. बोळाला दार नव्हते, एक पडदा होता.

मी विचारले, "सर, तुम्हाला न्हाणी पाहिजे का दार पाहिजे?"

सरांनी माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे. "दार."

"मग दार इकडं आणू."

सर लगेच हो म्हणाले नाहीत. उठले, बोळात गेले, बेसिनचा नळ पूर्ण सोडला आणि दोन्ही हातांनी रोजच्यासारखे तोंडावर पाणी मारून घेतले. हात हलत असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्तच उडाले. तोच तर रोजचा हात होता. मग टेप. रेघ आरशाच्या खालच्या कडेला आली. वरची भिंत पूर्ण कोरडी होती. त्यांनी त्या भिंतीवर हात ठेवून पाहिला. "इथं रेघ खाली हाय," ते म्हणाले. त्या आवाजात मी त्यांना कित्येक इमारती पास करताना ऐकले आहे.

सॉकेट आरशाच्या बाजूला, रेघेच्या बरेच वर बसले. गळती झाली की वीज तोडणारा स्विच त्या लाइनला आधीपासून होता. खऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे काही झाले तर तो स्विच पडत नाही, म्हणून दोन्हींवर विसंबून ओल्या हाताने मशीन धरायचे नाही, हे सरांनी मलाच पुन्हा ऐकवले. हर्सूलच्या सुताराने पडद्याच्या जागी दार बसवले. कडीवरून मात्र आमचे वाजले. सरांना आतून पक्की कडी हवी होती. मला कडीच नको होती, कारण सर आत पडले तर काय. शेवटी आतून लागणारी, पण वेळ पडली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी मिळाली. सरांनी ती दहा वेळा लावून-उघडून पाहिली. "वेळ पडली तरच," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "मला काय हौस हाय का?"

पहिल्या दिवशी मी मुद्दाम सकाळी गेले. सरांनी नमस्कार घेतला, बोळात गेले आणि कडी लावली. काकू आणि मी स्वयंपाकघरात बसलो. मशीनचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. चहा गार झाला. काकू एकदा उठल्या आणि परत बसल्या. हात ओट्यावरच्या सुट्या नाण्यांच्या डबीकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. आवाज पुन्हा थांबला, पुन्हा सुरू झाला. काकू माझ्याशी बोलत होत्या, पण काय बोलत होत्या ते त्यांनाही आठवणार नाही.

कडी वाजली. सर बाहेर आले. चेहरा स्वच्छ होता. उजव्या जबड्याखाली बोटभर जागेत खुंट राहिले होते. ते काकूंनी पाहिले, मी पाहिले आणि आम्ही दोघींनी चहा पुन्हा गरम करायला घेतला. सर खुर्चीवर बसले, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "शिरसाठ, त्या कार्यक्रमाला कोण कोण येणार हाय?"

आज सर व्यासपीठावर बसले आहेत. त्यांच्या हातून घडलेल्या कामाची मोजदाद इतर लेखक करतील. ज्या घरांत काही घडलेच नाही, ती घरे मोजता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या कामाचा पुरता हिशेब कुणालाच लागणार नाही. सरांना उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची इच्छा आहेच. माझे मागणे त्याहून लहान आहे. हर्सूलच्या त्या घरातली ती कडी रोज सकाळी आतून लागावी, आतून मशीनचा आवाज यावा, थांबावा आणि पुन्हा सुरू व्हावा. आम्ही बाहेर बसलेलो असू. चहा गार झाला तर परत गरम करू.